हायवेवर टायर का फुटतो? गावाला निघण्याआधी काय तपासायचं?

हायवेवर टायर फुटून अपघात झाला की आपण "नशीब खराब" म्हणतो आणि विषय संपवतो. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तो तिथे संपू दिला नाही. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या एका कारचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि ३८ वर्षांच्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. तिचं म्हणणं असं की टायर फुटणं ही दैवी घटना आहे, त्यात चालकाचा दोष नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. टायर फुटण्यामागे जास्त वेग, कमी हवा, जास्त हवा, जुना किंवा सेकंडहँड टायर, तापमान अशी कारणं असतात. त्यामुळे प्रवासाआधी टायरची स्थिती तपासणं हे चालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

टायरचं तंत्रज्ञानही हेच सांगतं. टायर आवाज करून एका क्षणात फुटतो, पण तो आतून खराब होत असतो कित्येक किलोमीटर आधीपासून, कधी कधी कित्येक महिने आधीपासून. आणि ते बहुतेक वेळा आधी मोजता येतं. कसं, ते या लेखात पाहू.

## मुंबईतल्या गाडीचा खास प्रश्न: ती उभी असते

मी चारकोपला राहतो. एमएच ४७ ची नंबर प्लेट देणारं आरटीओ कार्यालय आमच्याकडेच आहे, त्यामुळे नव्याकोऱ्या गाड्या रोज दिसतात. पण त्याहून जास्त दिसतात त्या सेक्टरांच्या गल्ल्यांमध्ये कव्हर घालून उभ्या असलेल्या गाड्या. ऑफिसला लोक ट्रेनने जातात. मेट्रो २ए सुरू झाल्यापासून डहाणूकरवाडी किंवा कांदिवली पश्चिमहून मेट्रोने जातात. गाडी निघते ती रविवारी डी-मार्टला, नाहीतर एखाद्या लग्नाला. आणि मग गणपतीत किंवा मे महिन्यात तीच गाडी पाच माणसं आणि छतापर्यंत सामान भरून कणकवली-सावंतवाडीला नाहीतर समृद्धीवरून नागपूरला निघते.

परदेशात कारच्या मागे जोडून न्यायचे राहण्याचे ट्रेलर असतात, म्हणजे चाकांवरचं छोटं घर. त्यांचे टायर फुटण्याचं प्रमाण ही तिकडची जुनी डोकेदुखी आहे. कारणं तीच: ट्रेलर वर्षातले बरेच महिने उन्हात उभा, टायर वापरून झिजत नाही पण वयाने म्हातारा होतो, हवा हळूहळू कमी झालेली, आणि सुट्टी आली की क्षमतेच्या काठापर्यंत वजन भरून सलग शेकडो किलोमीटर. या ट्रेलरच्या खास टायरांवर अमेरिकेत पूर्वापार ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर वेगाची मर्यादा असते. आपल्याकडे असे ट्रेलर क्वचितच दिसतात. पण चारकोपमधल्या गाडीचं वर्षाचं वेळापत्रक बघितलं तर टायरच्या दृष्टीने ती कार कमी आणि ट्रेलर जास्त आहे.

## टायर फुटतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. कारच्या रेडियल टायरमध्ये आत पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर असतो. त्याच्यावर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, पोलादी तारांचे पट्टे असतात. हे सगळं रबराने एकमेकांना धरून ठेवलेलं असतं. गाडीचं वजन मात्र रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते.

हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. एखादी तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलात तर वाकलेल्या जागी ती गरम होते, तसंच इथे होतं. ताशी १०० किलोमीटरला कारचं चाक सेकंदाला साधारण १४-१५ फेरे घेतं. म्हणजे बाजूची भिंत सेकंदाला तितक्या वेळा वाकते. उष्णता बाहेर जाण्यापेक्षा वेगाने तयार होते, रबर आणि पोलादी पट्ट्यांमधली पकड सैल होत जाते. मग एकतर वरचा पट्टाच सोलून निघतो, किंवा बाजूची भिंत फाटते. हायवेच्या कडेला रबराची लांब सालं पडलेली दिसतात, त्यातली बरीचशी अशी सोलून निघालेली असतात.

उष्णता हा मूळ शत्रू. हवा, वजन, वय आणि वेग या चारही गोष्टी शेवटी उष्णतेशीच जोडलेल्या आहेत.

## पहिला आकडा: हवा

तुमच्या गाडीला किती हवा हवी, हे चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर लावलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये असतं. टायरच्या बाजूवर लिहिलेला मोठा आकडा बघू नका. तो टायर किती दाब सहन करू शकतो याची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीसाठीचा योग्य आकडा नव्हे.

स्टिकर नीट वाचा. बऱ्याच गाड्यांवर दोन ओळी असतात: एक कमी माणसांसाठी, दुसरी पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्या ओळीत मागच्या टायरचा आकडा बहुधा जास्त असतो. गावाला जाताना तीच ओळ लागू होते. पेट्रोल पंपावर "किती भरू?" असं विचारल्यावर आपण सवयीने "तेहेतीस" सांगतो, ते इथे पुरेसं नसतं.

हवा थंड टायरमध्येच तपासायची. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा एक-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. कारण हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो. साध्या गणिताने, दर १० अंश सेल्सिअसला सुमारे दीड पीएसआय. पहाटे २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर धावताना आतून ५५ अंशांवर गेला तर तो ३७-३८ दाखवेल. हे अपेक्षितच आहे. गाडी बनवणाऱ्यांनी ते धरूनच आकडा दिलेला असतो.

म्हणून वाटेतल्या ढाब्यावर कोणी "साहेब, हवा जास्त झालीय, थोडी काढतो" म्हणालं तर काढू देऊ नका. गरम टायर ३३ वर आणून ठेवला तर दुसऱ्या दिवशी पहाटे तो साधारण २८-२९ वर असेल. म्हणजे आपल्याच हाताने हवा कमी केल्यासारखं झालं.

टायरमधून आपोआपही महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय हवा जाते. तीन-चार महिने हात न लावलेली गाडी बाहेरून व्यवस्थित दिसेल, पण आत ३३ च्या जागी २८ असू शकतं. रेडियल टायरची बाजू तशीही थोडी फुगलेली दिसते, त्यामुळे नुसतं बघून किंवा लाथ मारून काही कळत नाही. डिजिटल गेज घरी ठेवा, काही शे रुपयांत मिळतं.

## डॅशबोर्डचा दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक?

नवीन गाड्यांमध्ये टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते, तिला टीपीएमएस म्हणतात. ती दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि तो खरा दाब कळवतो. दुसऱ्या प्रकारात सेन्सर नसतो. एखादं चाक इतरांपेक्षा वेगळ्या गतीने फिरतंय का, हे बघून यंत्रणा अंदाज बांधते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, इशाऱ्याचा दिवा बहुधा हवा २० ते २५ टक्के कमी झाल्यावर लागतो. म्हणजे ३३ ची हवा २७ वर आली तरी दिवा शांत असू शकतो. दोन, अंदाज बांधणाऱ्या प्रकारात चारही टायरची हवा सारखीच कमी झाली तर फरक ओळखणं अवघड जातं. महिनोन्महिने उभ्या गाडीत नेमकं हेच होतं. त्यामुळे टीपीएमएस हा मधल्या रस्त्यावर अचानक झालेल्या पंक्चरसाठीचा पहारेकरी आहे. निघण्याआधीच्या तपासणीची जागा तो घेत नाही.

## दुसरा आकडा: वजन

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर१५ ८८एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. शेवटचं ८८एच आपल्या कामाचं. ८८ हा वजनाचा कोड आहे, एच वेगाचा.

वजनाचे काही कोड (एका टायरसाठी):
- ७५: ३८७ किलो
- ८२: ४७५ किलो
- ८८: ५६० किलो
- ९५: ६९० किलो

वेगाचे काही कोड:
- एस: ताशी १८० किमी
- टी: ताशी १९० किमी
- एच: ताशी २१० किमी
- व्ही: ताशी २४० किमी

चार टायर गुणिले ५६० म्हणजे २,२४० किलो. लहान गाडीसाठी हे भरपूर वाटतं. पण हा आकडा टायरमध्ये पूर्ण हवा असतानाचा आहे. हवा पाव हिस्सा कमी झाली तर टायरची पेलण्याची ताकद ढोबळमानाने पाचव्या हिश्श्याने घटते. शिवाय वजन चारही चाकांवर सारखं नसतं. मागे तीन माणसं आणि भरलेली डिकी असेल तर मागचे दोन टायर जास्त राबतात.

आता भरलेल्या गाडीचं गणित करू. पाच माणसं, सरासरी ६५ किलो धरली तर ३२५. पाच बॅगा, प्रत्येकी १५ किलो, म्हणजे ७५. पूजेचं सामान, मखर, पाण्याचे कॅन मिळून ४०. वर कॅरियर आणि त्यावरचं सामान ५०. झाले ४९० किलो. लहान हॅचबॅकची रिकामी गाडी आणि कमाल वजन यांतला फरक साधारण ४०० ते ५०० किलोच्या घरात असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. म्हणजे आपण जाताना काठावर असतो, आणि मे महिन्यात येताना त्यात आंब्याच्या पेट्या, फणस आणि तांदळाची गोणी येते.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर सिलिंडरचं वजनही याच हिशेबात धरावं लागतं आणि ते पूर्ण मागच्या बाजूला येतं. जड सामान डिकीत तळाशी, मागच्या सीटला टेकून ठेवा. कॅरियरवर फक्त हलक्या वस्तू.

## तिसरा आकडा: वय

टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. कधी कधी हे अंक टायरच्या आतल्या बाजूला, गाडीखालच्या दिशेला असतात. तेव्हा मोबाइल आत धरून फोटो काढा.

"गाडी फक्त २० हजार किलोमीटर चाललीय, टायर नवेच आहेत" हे वाक्य नेहमी ऐकू येतं. रबराला मात्र किलोमीटरशी जितकं देणंघेणं असतं, तितकंच वर्षांशी. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होत जातं. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारी रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना वाकतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरमध्ये ती पुरेशी वर येत नाहीत, म्हणून कमी चाललेल्या गाडीच्या टायरवरही बारीक चिरा दिसतात.

अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि नक्षी कितीही चांगली असली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नका. वर्षातून दोनदाच भरलेली गाडी घेऊन लांब जाणार असाल तर सहा वर्षांचा हिशेब पाळा, असं मी सांगेन.

नवीन टायर घेतानाही दुकानात हा कोड वाचा. सेकंडहँड टायर मात्र लांबच्या प्रवासाच्या गाडीला लावू नका. तो आधी किती वेळा कमी हवेत धावला, आतले धागे तुटलेत का, हे बाहेरून कळत नाही.

## नक्षी, चिरा आणि फुगवटा

टायरच्या खोबणीत मधूनमधून रबराची छोटी उंच पट्टी असते. नक्षी झिजून या पट्टीच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली असं समजा. कारसाठी कायद्याचीही हीच किमान मर्यादा आहे. पावसात खोबणीचं काम पाणी बाजूला फेकणं हे असतं, म्हणून कोकणात पावसाळ्यात जाणार असाल तर एवढी वेळ येऊ देऊ नका. गुळगुळीत टायरवर ब्लेडने नव्या खोबणी कापून देणारेही भेटतात. कारच्या टायरला ते कधीही करू नका, पोलादी पट्ट्यांवर उरलेलं थोडंसं रबरही त्यात जातं.

बाजूवर फुगवटा दिसला तर तो टायर लगेच बदला. खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेला आपटून आतले धागे तुटले की हवा तिथून बाहेर रेटते. याची दुरुस्ती होत नाही. मुंबईतल्या पावसाळ्यानंतर ही तपासणी करायलाच हवी. दोन्ही बाजू बघा, आतली बाजूसुद्धा.

## चौथा आकडा: वेग

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारसाठी ताशी १०० आणि समृद्धीवर १२० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात आणखी कमी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि आमच्यासारख्या उपनगरांतल्या लोकांना नागपूरपर्यंत सलग रस्ता मिळाला. सिग्नल नाही, गाव नाही, त्यामुळे टायरला थंड व्हायला वेळही नाही. शहरात कमी हवेचा टायर वर्षभर निभावतो तो यामुळेच की तिथे तो कधी तापतच नाही.

या रस्त्यावर टायरची काळजी सरकारलाही घ्यावी लागली. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून २५ जण गेले, तेव्हाही सुरुवातीला "टायर फुटला" असंच सांगण्यात आलं. परिवहन विभागाच्या प्राथमिक तपासात मात्र त्याचा पुरावा सापडला नाही. टायरवर खापर फोडणं सोपं असतं, म्हणूनही आपली बाजू तपासून ठेवलेली बरी.

दर दोन तासांनी थांबा. टायरजवळ हात नेऊन बघा. एकच टायर इतरांपेक्षा खूप जास्त गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय.

## पंक्चर आणि स्टेपनी

ट्यूबलेस टायरला बाहेरून चिकट दोरी घालून पंक्चर काढतात. खिळा रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल तर घरापर्यंत पोहोचायला हे ठीक आहे. पक्की दुरुस्ती टायर उतरवून आतून पॅच लावूनच होते. बाजूच्या भिंतीतलं पंक्चर दुरुस्त करू नका. आणि हवा पूर्ण गेलेल्या टायरवर गाडी थोडी जरी चालवली असेल तर टायर उतरवून आतली बाजू बघा. आत रबराचा काळा चुरा दिसला तर तो टायर संपला.

स्टेपनीची हवा सगळ्यात कमी वेळा तपासली जाते. तिचाही तारीख-कोड वाचा. स्टेपनी मूळ टायरपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८०, पाळा. २०२० पासूनच्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा आहे. तुमच्या गाडीत खरंच स्टेपनी आहे का, हे घरीच बघा. जॅक आणि पाना सामानाच्या तळाशी गाडू नका.

## चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर

- ब्रेक जोरात दाबू नका. सगळ्यात महत्त्वाचं हेच.
- स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी सरळ ठेवा. पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते, मागचा फुटला तर शेपटी हलते.
- ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडीला आपोआप वेग कमी करू द्या.
- वेग बराच उतरल्यावर हलका ब्रेक लावून डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू करा.
- सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. त्रिकोणी फलक गाडीच्या बराच मागे ठेवा.
- मदतीसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावर, १०३३.

एक्सप्रेसवेच्या कडेला, वाहनांच्या बाजूचं चाक स्वतः बदलायला बसू नका. मदत येईपर्यंत थांबा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नायट्रोजन भरल्यावर टायर फुटत नाही का?
असं नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि गरम झाल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढाच फायदा. तो मिळाला नाही म्हणून कमी हवेत गाडी चालवू नका, वर साधी हवा भरली तरी चालते.

उन्हाळ्यात दोन-तीन पीएसआय हवा कमी ठेवावी का?
नाही. कमी हवेने टायर जास्त तापतो. स्टिकरवरचा आकडाच ठेवा.

दोनच नवे टायर घेतले तर कुठे लावायचे?
मागे. मागचे टायर आधी घसरले तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं कठीण जातं.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर?
पूर्ण हवा भरून ठेवा, शक्य असेल तर सावलीत. दर आठवड्या-पंधरवड्याला लिंक रोडपर्यंत एक चक्कर मारा. बॅटरीलाही बरं, टायरलाही.

हे सगळं कधी तपासायचं?
निघण्याच्या आठवडाभर आधी तारीख-कोड, नक्षी, फुगवटा आणि स्टेपनी. टायर बदलावा लागला तर त्यासाठी वेळ राहतो. हवा मात्र निघण्याच्या दिवशी पहाटे, घराजवळच्या पंपावर, गाडी थंड असताना.